बहिष्काराचे तीन शब्द : १९६२ च्या एका न्यायनिर्णयाची भाषिक चिकित्सा

१

न्यायनिर्णय हा काही साहित्यप्रकार नव्हे. तथापि तो भाषेतच घडतो, आणि त्यातील एखाद्या शब्दाची निवड कित्येकदा त्यातील युक्तिवादाहूनही अधिक निर्णायक ठरते. वकील आणि न्यायाधीश शब्दांचा अर्थ लावतात तो कायद्याच्या प्रयोजनासाठी. भाषेच्या अभ्यासकाला त्यात निराळे कुतूहल असते. एका समाजात रुजलेला शब्द दुसऱ्या समाजाच्या व्यवहारास लावला असता काय दिसते आणि काय दृष्टीआड होते, हा त्याचा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ जानेवारी १९६२ च्या ‘सरदार सय्यदना ताहेर सैफुद्दीन साहेब विरुद्ध मुंबई राज्य’ या निर्णयाची याच दृष्टीने चिकित्सा करण्याचे योजिले आहे. धर्मस्वातंत्र्य आणि भेदभावाचा प्रतिबंध या दोहोंना एकाच संविधानात स्थान देणाऱ्या बहुधर्मी देशात ही दोन तत्त्वे समोरासमोर आली म्हणजे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

निर्णयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई विधिमंडळाने १९४९ साली बहिष्कारास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. कोणत्याही समाजाने आपल्या सभासदास बहिष्कृत केल्यास ते बहिष्करण अवैध व निष्फळ मानावे, आणि तसे करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, असा त्याचा गाभा होता. ‘समाज’ या संज्ञेच्या व्याख्येत एका धर्माचे वा पंथाचे अनुयायी तर आलेच, पण जात व पोटजात यांचाही त्यात स्पष्ट समावेश होता. मुंबई उच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला होता. पुढे दाऊदी बोहरा संप्रदायाचे एकावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. संप्रदायाचे प्रमुख या नात्याने अनुयायास बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धर्मविषयक व्यवहाराचा भाग आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद २६ (ख) ने तो संप्रदायास दिलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते मान्य केले व अधिनियम संविधानबाह्य ठरविला. बहुमताचा मुख्य निर्णय न्या. दास गुप्ता यांनी स्वतःच्या आणि न्या. सरकार व न्या. मुधोळकर यांच्या वतीने लिहिला, न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी सहमतीचा स्वतंत्र निर्णय दिला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्नमत नोंदविले.

२

या अधिनियमाच्या मुळाशी असलेला शब्द ‘एक्सकम्युनिकेशन’ हा होय. तो लॅटिनमधून आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या व्यवहारातून आलेला आहे. ज्या पवित्र सहभोजनात धर्मबांधव एकत्र येतात त्या ‘कम्युनिअन’मधून बाहेर काढणे, हा त्याचा मूळ आशय. हा दंड अधिकृत धर्मपीठाकडून दिला जातो, त्याचे कारण श्रद्धेचा वा आचाराचा भंग हे असते, आणि अपराध्यास पश्चात्तापाकडे वळविणे हा त्याचा घोषित हेतू असतो. म्हणजे या शब्दाच्या अर्थक्षेत्रात धर्मपीठ, धर्मकारण आणि धर्महेतू हे तिन्ही आधीच बसलेले आहेत.

मराठीत या अर्थाने आपण जो शब्दप्रयोग करतो तो ‘वाळीत टाकणे’ हा. त्याची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. ‘गावाने त्याला वाळीत टाकले’, ‘जातीने त्या घराला वाळीत टाकले’ ही वाक्ये सहज वाटतात. ‘पुजाऱ्याने त्याला वाळीत टाकले’ हे वाक्य मराठी कानाला खटकते. या क्रियेचा कर्ता समूह असतो, आणि तिचे कर्म एक माणूस नव्हे तर बहुधा एक घर असते. टाकण्याचे कारण शब्दात कोठेच सूचित होत नाही: ते सोवळ्याचे असेल, जमिनीच्या तंट्याचे असेल, पळून जाऊन केलेल्या लग्नाचे असेल. शब्द सांगतो तो परिणाम. पाणी बंद, विस्तव बंद, बेटीव्यवहार बंद, मयताला खांदा नाही.

धर्मकारणाने घडलेला बहिष्कारही मराठी समाजात याच सामाजिक रूपाने वावरलेला आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला आणि त्यावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांकडून चौकशी झाली, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही अखेर प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणात रानड्यांची ईश्वरविषयक श्रद्धा काय होती, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. प्रश्न पंक्तीचा होता. आणि पुढे १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ व १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ या नावांत डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत’ हे विशेषण वापरले, तेव्हा त्याचा अर्थ कोणत्याही धर्मपीठाने काढून टाकलेले असा नव्हता. जन्मतःच बाहेर ठेवलेले, असा तो अर्थ होता.

तिसरा शब्द खुद्द बोहरा संप्रदायातला: ‘बराअत’. मूळ अरबी शब्दाचा आशय संबंध नाकारणे, अंग काढून घेणे असा आहे. दाईशी निष्ठेची जी शपथ अनुयायी घेतो तिला ‘मीसाक’ म्हणतात; बराअत ही एका अर्थाने त्या बंधनाची उलट बाजू होय. या शब्दात धर्म आहे हे निश्चित. परंतु त्याचा विषय सिद्धान्त नसून संबंध आहे. ज्याच्याविषयी बराअत जाहीर झाली त्याच्याशी इतरांनी कसे वागावे, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

अशा रीतीने एकाच घटनेस तीन नावे आहेत. पहिले नाव कारण सांगते, दुसरे परिणाम सांगते, तिसरे संबंध सांगते. १९४९ च्या विधिमंडळाला जो अन्याय दूर करावयाचा होता तो दुसऱ्या शब्दातला होता. परंतु विधेयक इंग्रजीत लिहिले गेले, आणि त्याला नाव मिळाले ते पहिल्या शब्दाचे.

३

आता बहुमताचा युक्तिवाद पाहू. न्या. दास गुप्ता यांची विचारसरणी तर्कदृष्ट्या सरळ आहे. धर्मश्रद्धेचे आणि आचाराचे ऐक्य टिकविणे ही प्रत्येक संप्रदायाची गरज असते. त्या ऐक्याचा भंग करणाऱ्यास वगळण्याचा अधिकार नसेल तर ते टिकणार नाही. म्हणून धार्मिक कारणासाठी केलेले बहिष्करण हे धर्मविषयक बाबींचे व्यवस्थापनच होय. या अधिनियमाने धार्मिक व अधार्मिक अशी कारणे वेगळी न करता सर्वच बहिष्करण अवैध ठरविले, म्हणून तो अनुच्छेद २६ (ख) शी विसंगत आहे. बहिष्कृताच्या नागरी हक्कांवर त्यामुळे आघात होतो ही गोष्ट बहुमताने नाकारली नाही. मात्र त्या आघाताने संप्रदायाचा मूलभूत हक्क संपुष्टात येत नाही, असे ठरविले. न्या. अय्यंगार यांनी यात आणखी एका मुद्द्याची भर घातली: सामाजिक सुधारणेच्या नावाखाली धर्माचे अस्तित्व वा त्याची ओळखच पुसली जाईल इतकी सुधारणा करण्याचा अधिकार राज्याला नाही.

या युक्तिवादाची प्रत्येक पायरी ‘एक्सकम्युनिकेशन’ या शब्दावर उभी आहे, हे सहज ध्यानात येईल. का वगळले, हा प्रश्न विचारला की उत्तर धर्माच्या अंगणात सापडते आणि न्यायालयाची दृष्टी तेथेच थांबते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र निराळा प्रश्न विचारला: वगळल्यावर त्या माणसाचे काय झाले? मशिदीत उपासना, समाजाच्या दफनभूमीत दफन, समाजाच्या मालमत्तेचा उपभोग हे हक्क त्याच्या हातून जातात, आणि आपल्याच माणसांत तो अस्पृश्यासारखा होतो. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ ची त्यांनी येथे आठवण करून दिली. हा अधिनियम व्यक्तीच्या सदसद्विवेकस्वातंत्र्याचे आणि प्रतिष्ठेचे रक्षण करतो, तो धर्मावरील आक्रमण नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्यासमोर शब्द तोच इंग्रजी होता. परंतु त्यांच्या वाक्यांत उमटलेला अर्थ ‘वाळीत टाकणे’ याचा आहे.

बहुमत आणि भिन्नमत यांच्यातील हा भेद केवळ मूल्यांचा भेद म्हणून सोडून देता येणार नाही. दोन्ही पक्ष एकाच शब्दाचे दोन अनुवाद करीत होते, आणि आपण अनुवाद करीत आहोत याची जाणीव निर्णयात कोठेही व्यक्त झालेली नाही.

४

येथे अधिनियमाच्या मसुद्याचाही दोष दाखविणे न्यायाचे होईल. त्यातील व्याख्येनुसार, दिवाणी दाव्याने बजावता येण्यासारखे हक्क हिरावणारी हकालपट्टी म्हणजे बहिष्करण. त्या हक्कांत अधिकारपद, मालमत्ता, उपासनास्थानी उपासना, दफन आणि दहन हे सर्व एकाच ओळीत बसविले होते. म्हणजे व्याख्येची नजर परिणामावर होती. परंतु पुढील कलमाने अवैध ठरविले ते परिणामांना नव्हे, तर समग्र बहिष्करणालाच. मसुदाकाराने क्रियापदांची यादी करावयाच्या ठिकाणी एका नामावर बंदी घातली. त्यामुळे ‘हा आमच्या पंथाचा राहिला नाही’ हे वाक्य उच्चारणे आणि ‘याच्या प्रेताला जागा देऊ नका’ हे वाक्य उच्चारणे या दोन्ही कृती एकाच दंडास पात्र ठरल्या. पहिल्या वाक्यावर घातलेली बंदी न्यायालयाला खटकली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या वाक्यावरची बंदीही गेली.

या दोन वाक्यांतील भेद भाषाशास्त्राला परिचित आहे. योगायोग असा, की ज्या वर्षी हा निर्णय लागला त्याच वर्षी, १९६२ साली, जे. एल. ऑस्टिन यांची हार्वर्ड येथील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि उच्चार ही एक कृती असते हा विचार सर्वत्र पसरला. ऑस्टिन यांनी अधिकार गाजविणाऱ्या क्रियापदांच्या वर्गात ‘बहिष्कृत करणे’ आणि ‘आज्ञा देणे’ यांना शेजारी बसविले होते. पुढे १९७० नंतरच्या दशकात जॉन सर्ल यांनी हे वर्गीकरण सुधारले. घोषणेच्या उच्चाराने जगातील एक स्थिती तत्काळ बदलते. आज्ञेच्या उच्चाराने ऐकणाऱ्याने काही करावे अशी अपेक्षा असते. ‘तू आमचा राहिला नाहीस’ ही घोषणा. ‘याच्याशी कोणी बोलू नये’ ही आज्ञा. आणि तिचा श्रोता बहिष्कृत माणूस नसून इतर सर्व लोक आहेत.

माझे प्रतिपादन असे, की अनुच्छेद २६ (ख) चे संरक्षण घोषणेस आहे, आज्ञेस नाही. आपला कोण आणि परका कोण हे ठरविण्याचा अधिकार संप्रदायाकडून काढून घेतला तर संप्रदाय या संज्ञेस अर्थच उरणार नाही. बहुमताचे म्हणणे तितक्यापुरते निर्विवाद आहे. परंतु तिसऱ्या माणसाने कोणाकडून भाजी घ्यावी, मुलीने पित्याच्या घरी जावे की नाही, भावाने भावाच्या तिरडीला खांदा द्यावा की नाही, हे ठरविणे म्हणजे संप्रदायाचे व्यवस्थापन नव्हे. ते व्यक्तींवरील शासन होय, आणि असे शासन चालविण्याचा अधिकार संविधानाने कोणत्याही संप्रदायास दिलेला नाही.

हा भेद बाहेरून धर्मावर लादलेला आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तो धर्मसंस्थेच्या इतिहासातच सापडतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी, १४१८ साली, पोप पाचवा मार्टिन याने बहिष्कृतांचे दोन वर्ग मान्य केले: ज्यांच्याशी व्यवहार टाळलाच पाहिजे असे, आणि ज्यांच्याशी व्यवहार चालू ठेवता येईल असे. संस्कारांतून वगळणे व संसारातून वगळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द ‘एक्सकम्युनिकेशन’ हा शब्द ज्यांचा त्यांनीच सहाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत तर व्यवहार टाळण्याचा पहिला वर्ग उरलेलाच नाही.

५

या मताविरुद्ध दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा, की लहान समाजात घोषणाच पुरेशी असते; आज्ञा देण्याची आवश्यकता पडत नाही. प्रमुखाने एक वाक्य उच्चारले की दारे आपोआप बंद होतात. मग कायदा कोणाला धरणार? याचे उत्तर असे, की कायदा कोणालाही स्नेह करावयास भाग पाडू शकत नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. त्याचे क्षेत्र संघटित सक्तीचे आहे. जो बहिष्कृताशी बोलेल तोही बहिष्कृत होईल, ही धमकी ज्या क्षणी दिली जाते त्या क्षणी स्नेहाचा प्रश्न संपतो आणि सक्तीचा सुरू होतो. न्या. नाथवाणी यांच्या अध्यक्षतेखालील अशासकीय आयोगाचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोहरा समाजातील असंतुष्टांच्या ज्या तक्रारी पुढे आल्या त्यांचा रोख या दुसऱ्या प्रकारच्या व्यवहारावर होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दफनभूमी ही मालमत्ता आहे की धर्मस्थान? तेथील दफन हा नागरी हक्क की धार्मिक विधी? वस्तुतः ते दोन्ही आहे, आणि शब्दांची कोणतीही वाटणी ही गाठ पूर्णपणे सोडवीत नाही. तरीही एक रेषा आखता येते: विधी नाकारण्याचा अधिकार संप्रदायास असावा, भूमी नाकारण्याचा नसावा. धर्मगुरूने प्रार्थना म्हणावी असा हुकूम न्यायालय देऊ शकत नाही. पण पिढ्यानपिढ्या ज्या कुटुंबाच्या वर्गणीने ती भूमी राखली गेली त्या कुटुंबाच्या मृताला साडेतीन हात जागा मिळालीच पाहिजे, असे ते सांगू शकते. या रेषेने संप्रदायाचे काही नुकसान होते हे मान्य करावे लागेल. परंतु दुसऱ्या बाजूच्या नुकसानीशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

न्यायालयांना या दोन टोकांमधला मार्ग सर्वस्वी अपरिचित होता असेही नाही. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दाईंचा बहिष्करणाचा अधिकार मान्य केला होता. परंतु तो अनिर्बंध नाही, संबंधितास दोष सांगून सुधारण्याची संधी देणे व कारण उघड करणे आवश्यक आहे, असेही म्हटले होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हटराइट वसाहतीतून काढून टाकलेल्या सभासदांच्या प्रकरणात जवळजवळ हेच तत्त्व स्वीकारले. जेथे माणसाचे घर व उपजीविका सभासदत्वावर अवलंबून आहे तेथे पूर्वसूचना न देता केलेली हकालपट्टी टिकणार नाही, असे त्याने ठरविले. त्याच न्यायालयाने २०१८ साली, जेथे कोणताही कायदेशीर हक्क गुंतलेला नाही अशा मंडळीच्या निर्णयात हात घालण्यास नकार दिला. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते, की न्यायालय श्रद्धेच्या उंबरठ्यावर थांबले, परंतु घरादाराच्या प्रश्नावर थांबले नाही.

६

१९६२ च्या निर्णयाचा एक परिणाम फारसा उल्लेखिला जात नाही. अर्ज एका संप्रदायाचा होता, पण अधिनियम पडला तो सर्वांसाठी. आपल्या भाषेत वाळीत टाकण्याचा व्यवहार मुख्यतः जातीचा आणि गावकीचा. संप्रदायाचा तो क्वचितच. ‘संप्रदाय’ या शब्दाचा धात्वर्थच परंपरेने दिलेले असा आहे. वारकरी होणारा माळ घेतो, त्याला माळेतून हाकलणारी पंचायत नसते. संप्रदायाला असलेला संविधानिक हक्क जातपंचायतीला नव्हता. तरीसुद्धा संप्रदायाच्या ढालीआड जातपंचायतही सुरक्षित झाली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अधिनियमात, अस्पृश्यता पाळण्यास नकार देणाऱ्यावर बहिष्कार घालणे हा अपराध होता. पण त्यापलीकडील असंख्य प्रकरणांत वाळीत पडलेल्या घराला महाराष्ट्रात पंचावन्न वर्षे विशेष कायद्याचा आधार नव्हता.

२०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान चालविले. त्यानंतर २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे, आणि १९४९ चा अधिनियम त्याने निरसित केला. त्याच्या रचनेतील बदल लक्षणीय आहे. शीर्षकात ‘बहिष्करण’ जाऊन ‘सामाजिक बहिष्कार’ आला, आणि एका नामाच्या जागी क्रियांची यादी आली: अडविणे, नाकारणे, संबंध तोडावयास लावणे, दफन-दहनास प्रतिबंध करणे. विशिष्ट पोशाख वा विशिष्ट भाषा वापरण्याची सक्ती करणे हाही त्या यादीतला एक अपराध आहे. भाषाभ्यासकांनी याची नोंद अवश्य घ्यावी. जे मराठी क्रियापद १९४९ मध्ये इंग्रजी नामाखाली दडपले गेले होते, ते अशा रीतीने कायद्यात परत आले.

तथापि यादीत समाजातून हकालपट्टी करणे हेही एक कृत्य आहे, आणि ‘समाज’ शब्दाची व्याख्या जवळजवळ जुनीच आहे. म्हणजे घोषणा आणि आज्ञा यांची गल्लत पूर्णपणे संपलेली नाही.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निर्णयाच्या यथार्थतेविषयी शंका व्यक्त करून प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. अनुच्छेद २६ मधील ‘नीतिमत्ता’ म्हणजे संविधानिक नीतिमत्ता होय काय, आणि संप्रदायाच्या हक्काचा अनुच्छेद २१ सारख्या हक्कांशी मेळ कसा घालावा, असे मुद्दे त्या आदेशात आहेत. ‘नीतिमत्ता’ या शब्दामागे एक विशेषण जोडून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. विशेषणे व्यापक असतात, आणि व्यापक शब्दांत आज एका पक्षाचा तर उद्या दुसऱ्या पक्षाचा अर्थ भरता येतो. अनुच्छेद २५ मध्ये ‘या भागातील अन्य तरतुदींस अधीन राहून’ अशा आशयाचे शब्द आहेत व अनुच्छेद २६ मध्ये ते नाहीत, हा बहुमताच्या बाजूचा बळकट आधार आहे. परंतु मुळकी येथील व्यंकटरमण देवस्थानाच्या प्रकरणात १९५७ सालीच न्यायालयाने २६ (ख) हा २५ (२) (ख) च्या अधीन वाचला होता. अनुच्छेदाच्या मौनाला एकदा अर्थ दिल्यावर ते मौन पुन्हा अबोल मानता येत नाही.

म्हणून क्रियापदांकडे परतणे हाच मार्ग मला सुरक्षित वाटतो. वगळणाऱ्याने कोणते वाक्य उच्चारले, ते कोणाला उद्देशून उच्चारले, आणि त्या वाक्याने कोणाचे काय हिरावले: या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रकरणात पुराव्याने देता येतात. ‘धर्माचा आवश्यक भाग कोणता’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायाधीशाला धर्मशास्त्री व्हावे लागते. या तीन प्रश्नांसाठी त्याने लक्षपूर्वक ऐकणारा न्यायाधीश असणे पुरेसे आहे.